चूक माफ करणारे विमान

विमानांच्या जगात नाव होते ते सर्वांत वेगवान, सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत उंच उडणाऱ्या विमानाचे. वैमानिकांना विचाराल तर मात्र ते वेगळ्याच विमानाची आठवण काढतात. ज्या छोट्या, साध्या विमानात बसून ते उडायला शिकले, ते विमान त्यांच्या आयुष्यभर लक्षात राहते. प्रशिक्षणासाठीचे विमान दिसायला साधे असले, तरी त्याची रचना करणे सोपे नसते. लढाऊ विमान तयार वैमानिकाच्या हाती जाते. प्रशिक्षण विमान अशा माणसाच्या हाती द्यायचे असते, ज्याला अजून काहीच येत नाही. तो चुकणार, हे आधीच ठाऊक असते. त्याची चूक पोटात घालून त्याला सुखरूप जमिनीवर आणणे, हे त्या विमानाचे पहिले काम.

भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले असे पहिले विमान ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरच्या आकाशात उडाले. त्याचे नाव ‘एचटी-२’, म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर-२. या विमानाच्या रचनेमागचे प्रमुख अभियंता होते कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे. देशाच्या विमान उद्योगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या नावाने एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया पुरस्कारही देते. मराठी घरांत मात्र हे नाव अजून तितकेसे पोहोचलेले नाही.

गडहिंग्लज ते गोटिंगेन

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या गावी झाला. तेव्हा हा भाग कोल्हापूर संस्थानात होता आणि गादीवर शाहू महाराज होते. राइट बंधूंचे पहिले उड्डाण होऊन अवघी पाच वर्षे झाली होती. भारतात विमान उडायला अजून दोन वर्षे बाकी होती. पुढे पुण्यात आणि मुंबईत त्यांचे उच्च शिक्षण झाले, आणि १९३०च्या दशकात ते संशोधनासाठी जर्मनीतील गोटिंगेनला गेले.

त्या काळी विज्ञान शिकायला परदेशी जायचे म्हणजे बहुतेक जण इंग्लंडची वाट धरत. पण हवेचा प्रवाह समजून घ्यायचा, तर गोटिंगेनसारखी जागा दुसरी नव्हती. तेथे लुडविग प्रांटल शिकवत होते. विसाव्या शतकातील वायुगतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांत प्रांटल यांचे नाव अग्रभागी येते. थिओडोर फॉन कारमान यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्याच हाताखाली तयार झाले. घाटगे पोहोचले तेव्हा जर्मनीत हिटलरची राजवट सुरू झाली होती. ज्यू असल्यामुळे गोटिंगेनमधील कितीतरी नामवंत गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञांना विद्यापीठ सोडावे लागले होते. अशा काळात घाटगे यांनी प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली.

प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलेली कल्पना समजून घेतली, तर घाटगे तेथून काय घेऊन आले ते कळते. घरातील छताचा पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ जमतेच. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावरून ती उडून का जात नाही? कारण पात्याच्या अगदी पृष्ठभागालगतची हवा पात्यालाच चिकटून त्याच्याबरोबर फिरत असते. धुळीच्या कणाच्या दृष्टीने तेथे वारा जवळपास नसतोच. पृष्ठभागापासून थोडे दूर गेले की हवेचा वेग भराभर वाढतो. मधल्या या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. विमानाच्या पंखावर तो काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाडीचा असतो. पण विमान उडते राहणार की पडणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

हा थर पंखाच्या वळणाला धरून वाहतो तोवर पंख विमानाला उचलून धरतो. वैमानिकाने नाक फार वर ओढले की पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन वाढतो. एका मर्यादेनंतर मंदावलेला सीमास्तर पंखाच्या वरच्या बाजूपासून सुटतो, तेथे भोवरे होतात आणि पंखाची उचल एकदम घटते. याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही विमान स्टॉल होते. नवशिक्याच्या हातून हे हमखास होते. उतरताना धावपट्टी जवळ आली नाही असे वाटले की हात आपोआप नाक वर ओढतो.

फुगडीची भोवळ, आकाशात

स्टॉलपेक्षा धोकादायक असते ती त्यानंतरची अवस्था. दोन्ही पंखांची उचल सारखी घटली तर विमान नाक खाली घालून पुढे जाते आणि वेग मिळाला की सावरते. पण एका पंखाची उचल दुसऱ्यापेक्षा जास्त घटली, तर विमान त्या बाजूला कलते आणि स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागते. हा ‘स्पिन’. विमानाच्या सुरुवातीच्या काळात स्पिनमध्ये सापडलेला वैमानिक सहसा परत येत नसे. पुढे त्यातून सुटण्याची रीत सापडली. इंजिनाची शक्ती कमी करायची, गिरकीच्या उलट दिशेला शेपटीचे सुकाणू वळवायचे आणि नाक खाली ढकलायचे.

ऐकायला हे सोपे वाटते. पण अशा वेळी माणसाचे शरीरच त्याला फसवते. लहानपणी फुगडी घालून एकदम थांबल्यावर जग उलट्या दिशेने फिरताना दिसते, हे सर्वांनी अनुभवले आहे. कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. डोके फिरू लागले की तो सुरुवातीला मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला गिरकी कळते. गिरकी बराच वेळ एकाच वेगाने चालू राहिली की द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि आपण फिरतो आहोत ही जाणीव विरत जाते. गिरकी थांबली की द्रव मात्र फिरत राहतो, आणि आता उलट दिशेने फिरत असल्याचा भास होतो. स्पिनमधून नुकत्याच सुटलेल्या वैमानिकाला वाटते, विमान दुसऱ्या बाजूला गिरक्या घेऊ लागले. त्या भासावर विश्वास ठेवून त्याने सुकाणू पुन्हा वळवले, तर तो स्वतःच विमान पुन्हा स्पिनमध्ये ढकलतो.

म्हणून प्रशिक्षण विमानाकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. त्याने स्टॉलची चाहूल आधी द्यावी, म्हणजे थरथरावे, दांड्यात हलकेपणा जाणवावा. आणि स्पिनमध्ये गेलेच तर ठरलेल्या रीतीने, प्रत्येक वेळी, त्यातून सुटावे. हे साधण्यासाठी रचनाकाराला पंखाचा आकार, वजनाचा मध्य आणि शेपटीच्या पात्यांची जागा यांचा मेळ घालावा लागतो. शेपटीच्या आडव्या पात्याआड सुकाणू झाकले गेले, तर नेमके हवे त्या क्षणी ते निकामी ठरते. प्रशिक्षण विमानाच्या आराखड्यावर काढलेल्या प्रत्येक रेषेमागे अशा एखाद्या शिकाऊ मुलाचा जीव असतो.

कारखाना, युद्ध आणि एक ग्लायडर

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी काढली. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही गोष्टी भारतात बनाव्यात, हा वालचंद यांचा ध्यास होता. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. ब्रिटिश सरकारला पूर्वेकडे विमाने हवी होती, पण भारतीयांनी ती आखावीत याची त्याला घाई नव्हती. १९४१ मध्ये कारखान्यातून पहिले विमान बाहेर पडले. ते हार्लो नावाचे अमेरिकी प्रशिक्षण विमान होते. सुटे भाग परदेशातून आले होते आणि येथे त्यांची जोडणी झाली होती. पुढे सरकारने कंपनी आपल्या ताब्यात घेतली, आणि युद्धाची उरलेली वर्षे तेथे प्रामुख्याने अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालली.

घाटगे या कारखान्यात आले ते याच सुरुवातीच्या काळात. जोडणी आणि दुरुस्तीच्या धामधुमीत त्यांनी रचनेचे काम हाती घेतले. त्यातून दहा आसनांचे एक ग्लायडर तयार झाले. त्याला ‘जी-१’ असे नाव होते. ग्लायडरला इंजिन नसते. दुसऱ्या विमानाने ते ओढून वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. ज्या देशात विमानाचे इंजिन बनत नव्हते, त्या देशातील रचनाकारासाठी ही सुरुवात योग्य होती. इंजिनाविना उडणाऱ्या यंत्रात पंखाची चूक इंजिनाच्या जोरावर झाकता येत नाही. जी-१चे उत्पादन झाले नाही. पण कागदावरची रेषा, कारखान्यातील सांगाडा आणि हवेतील वागणूक यांचा संबंध जोडण्याचा अनुभव एका भारतीय गटाला त्यातून मिळाला.

त्याच सुमारास, १९४२ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. त्याची घडी बसवण्याचे काम घाटगे यांच्याकडे आले. दिवसा कारखाना आणि शेजारी वर्ग, असे ते दिवस होते. विमान बनवायचे तर ते बनवणारी माणसे आधी घडवावी लागतात, हे त्यांना उमगले होते. पुढच्या काळात हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आणि देशाच्या इतर वैमानिक संस्थांत काम केलेले कितीतरी अभियंते या विभागातून शिकून बाहेर पडले.

दीडशे अश्वशक्तीचे स्वातंत्र्य

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाकडे शिकण्यासाठी होते ते ब्रिटिश टायगर मॉथ. दोन मजली पंख, त्यांचा सांगाडा लाकडी, वर कापड. विमान भरवशाचे होते, पण जुने झाले होते. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८च्या सुमारास त्याच्या जागी नव्या विमानाचा आराखडा हाती घेतला. पूर्ण धातूचे, खाली एकच पंख, विद्यार्थी आणि शिक्षक एकापाठोपाठ एक बसतील अशी दोन आसने, दोघांपुढेही विमान चालवण्याची सर्व साधने.

हलक्या विमानाच्या रचनेत वजन हा मोठा शत्रू असतो. एखादा जोड खबरदारी म्हणून एक किलोने जड केला, तर तेवढ्यावर भागत नाही. तो किलो उचलायला पंख थोडा मोठा लागतो. मोठ्या पंखासाठी सांगाडा मजबूत लागतो, त्याचे वजन वाढते, मग इंजिन अपुरे पडते. इंजिन मोठे घ्यावे तर इंधन जास्त लागते. हे चक्र वेळीच रोखले नाही, तर विमान कागदावरच लठ्ठ होते. पण वजन कमी करण्याच्या नादात सांगाडा कच्चा राहूनही चालत नाही. शिकाऊ मुलगा विमान धावपट्टीवर आदळवणार, हे गृहीतच धरायचे असते. चाकांचे पाय असे धक्के दिवसातून कितीदा तरी सोसतात. शिवाय विद्यार्थी एकट्याने उडतो तेव्हा शिक्षकाचे आसन रिकामे असते. ते रिकामे असतानाही वजनाचा मध्य आपल्या मर्यादेत राहिला पाहिजे, नाहीतर पहिल्याच एकट्या उड्डाणात विमान वेगळे वागू लागेल.

एचटी-२चे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे पावणेअकरा मीटर होते. माणसे आणि इंधन धरून वजन साधारण एक टन आणि इंजिनाची शक्ती दीडशे अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या कित्येक मोटारींची शक्ती याहून जास्त असते. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवले. पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर हे इंजिन होते. पुढच्या वर्षी दुसरा नमुना सिरस मेजर इंजिन घेऊन उडाला आणि उत्पादनासाठी तेच इंजिन ठरले. दोन्ही इंजिने ब्रिटिश होती. आकाशातील हे स्वातंत्र्य अजून अर्धेच होते, आणि इंजिनाची ही उणीव पुढे भारतीय विमानांना मोठी महागात पडणार होती.

पहिले उड्डाण म्हणजे कामाचा शेवट नव्हे. चाचणी वैमानिक नव्या विमानाला टप्प्याटप्प्याने अजमावतो. आधी जमिनीवर धाव, मग साधे उड्डाण, मग उंचीवर जाऊन स्टॉल, मग स्पिनची एक गिरकी, दोन, आणखी. प्रत्येक वेळी आकडे टिपायचे, रचनाकारांपुढे ठेवायचे, बदल करायचे आणि पुन्हा वर जायचे. या चाळणीतून गेल्यावरच एचटी-२ हवाई दलाकडे गेले. दीडशेहून अधिक विमाने बनली. हवाई दल, नौदल आणि नागरी फ्लाइंग क्लब यांनी ती वापरली. १९५९ मध्ये आफ्रिकेतील घाना या नवस्वतंत्र देशाने आपले हवाई दल उभारले, तेव्हा त्याचे वैमानिकही एचटी-२वर शिकले. मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरच्या तळावर हवाई दलाचे प्राथमिक प्रशिक्षण याच विमानावर चाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळपास साडेतीन दशके, एचटी-२ सेवेत राहिले.

एकदा उडणे आणि पुन्हा पुन्हा उडणे

महाराष्ट्रात विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येतेच. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, राइट बंधूंच्याही आठ वर्षे आधी, अशी कथा सांगितली जाते. तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. तळपदे खरोखर होऊन गेले. त्यांना विमानविद्येचे वेड होते, यातही शंका नाही. पण त्या उड्डाणाला तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा मिळालेला नाही. या कथेशी जोडला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तपासला आणि १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडू शकणार नाहीत, असे त्यांना आढळले. तीस वर्षांपूर्वी घाटगे यांनी वैमानिक अभियांत्रिकीचे वर्ग सुरू केले ती संस्था हीच, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

तळपदे यांना कमी लेखण्यासाठी ही तुलना करण्याची गरज नाही. पण विमानाच्या बाबतीत दावा आणि सिद्धी यांतील फरक कोठे असतो, ते एचटी-२वरून नीट कळते. एक यंत्र एकदा जमिनीवरून उठले, एवढ्याने विमान होत नाही. ते दुसऱ्या माणसाला उडवता यावे लागते, तिसऱ्याला आराखडा पाहून बांधता यावे लागते, आणि बांधलेले प्रत्येक विमान पहिल्यासारखेच वागावे लागते. घाटगे यांच्या विमानाची परीक्षा जाणकारांच्या समितीने घेतली तशीच ती हजारो नवशिक्यांनीही घेतली. त्यांच्यापैकी बहुतेकांना रचनाकाराचे नावही ठाऊक नव्हते. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यासारख्या हौशी निर्मात्याला चाचणीची परवानगी मिळवायला वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यात सरकारी दिरंगाईचा वाटा होता, हे खरे. पण आकाशात जाणाऱ्या यंत्राने खाली राहणाऱ्या माणसांनाही हिशेब द्यायचा असतो, हेही तितकेच खरे.

पुष्पक, कृषक आणि किरण

एचटी-२नंतर घाटगे यांच्या पथकाने फ्लाइंग क्लबांसाठी आणखी छोटे विमान केले. ‘पुष्पक’ सप्टेंबर १९५८ मध्ये उडाले. अमेरिकी एरोन्का विमानाच्या धर्तीवरचे, वर पंख असलेले, शेजारी शेजारी दोन आसने आणि अवघ्या नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. सांगाड्यावर कापडाचे आवरण असल्याने दुरुस्ती सोपी आणि खर्च कमी. नागरी वैमानिकांच्या एका पिढीने त्यावर पहिले धडे गिरवले. पुष्पकाचाच आकार वाढवून आणि इंजिनाची शक्ती दुपटीहून अधिक करून ‘कृषक’ झाले. ते १९५९ मध्ये उडाले. नाव शेतकऱ्याचे असले तरी ते गेले लष्कराकडे. तोफखान्याला गोळे कोठे पडतात ते वरून पाहून सांगण्याचे काम त्याने केले, आणि पुढे ती जागा हेलिकॉप्टरने घेतली.

याच काळात त्याच कारखान्यात फार मोठे स्वप्न आकाराला येत होते. जर्मन रचनाकार कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि ‘मारुत’ या लढाऊ जेट विमानावर काम सुरू झाले. इंजिन बसवण्याआधी त्याचा आकार अजमावण्यासाठी पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर बनवले गेले आणि १९५९ मध्ये ते ओढून वर नेऊन उडवण्यात आले. जी-१च्या दिवसांतली युक्ती येथे वेगळ्या रूपात उपयोगी पडली. जून १९६१ मध्ये मारुत उडाले. रचना उत्तम होती. पण त्यासाठी योजलेले जोरकस इंजिन मिळालेच नाही, आणि मारुतची क्षमता कायम अपुरी राहिली.

घाटगे यांनी त्याच सुमारास हाती घेतलेले काम तुलनेने साधे होते. जेट विमान चालवायला शिकवणारे जेट. ‘किरण’ ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. ते उडवणारे चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनीच मारुतचेही पहिले उड्डाण केले होते. किरणमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत, त्यामुळे शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात आणि चेहरा दोन्ही दिसत. हवाई दलात किरण अनेक दशके टिकले. बीदरला स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ या कसरती पथकाने १९९६ पासून पुढची पंधरा वर्षे जी विमाने उडवली, ती याच जातीची. प्रजासत्ताकदिनी आकाशात रंगीत धुराच्या रेषा ओढणारी ती विमाने ज्यांनी पाहिली, त्यांनी घाटगे यांच्या परंपरेतलेच काम पाहिले.

या कामाची किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९७० मध्ये मारुतच्या सुधारित नमुन्याची चाचणी घेताना सुरंजन दास यांचा अपघाती मृत्यू झाला. बंगळूरमधील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. रचनाकार कागदावर मांडतो ते खरे की खोटे, हे पहिल्यांदा स्वतःच्या शरीराने तपासणारा माणूस म्हणजे चाचणी वैमानिक. मुन्शी आणि दास यांच्यासारख्यांनी तो धोका पत्करला, म्हणून पुढच्या हजारो शिकाऊ मुलांना तो पत्करावा लागला नाही.

मागे काय उरले

१९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी एक वर्ष त्यांच्या कंपनीचे रूपांतर ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’मध्ये झाले होते. आज एचएएल म्हणून ओळखली जाते ती कंपनी हीच. ६ डिसेंबर १९९१ रोजी घाटगे यांचे निधन झाले, तोवर एचटी-२ सेवेतून निवृत्त झाले होते.

त्यांच्या पश्चात ही वाट सरळ राहिली नाही. एचटी-२ची जागा घेणाऱ्या ‘दीपक’ या विमानाला इंजिनाच्या बिघाडाने ग्रासले. वारंवारच्या अपघातांनंतर २००९ मध्ये ते जमिनीवर उतरवण्यात आले, आणि काही काळ नवशिक्यांना किरणवर शिकवावे लागले. पुढे स्वित्झर्लंडहून विमाने आणावी लागली. २०१६ मध्ये एचएएलचे ‘एचटीटी-४०’ हे नवे प्रशिक्षण विमान उडाले. त्याच्या नावातील अक्षरे हिंदुस्तान ट्रेनरचीच परंपरा सांगतात. रचना भारतीय, इंजिन परदेशी, हे समीकरणही अजून तेच आहे.

प्रशिक्षण विमानासारख्या छोट्या यंत्रात खंड पडला की काय होते, ते या मधल्या वर्षांनी दाखवले. लढाऊ विमान विकत घेता येते. ते चालवणारा माणूस मात्र घरीच घडवावा लागतो, आणि त्याच्यासाठी विमान आखणारा अभियंताही. घाटगे यांनी कारखाना आणि वर्ग ही दोन्ही कामे एकाच वेळी हाती घेतली, ती यामुळेच. उड्डाण शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आजही पहिल्या काही तासांत नाक जास्त वर ओढतो. विमान थरथरते, शिक्षक शांतपणे दांडा पुढे ढकलायला सांगतो, पंखावरून सुटलेली हवा पुन्हा पंखाला धरते आणि विमान उडत राहते. गोटिंगेनमध्ये शिकलेले ते काही मिलिमीटरांचे गणित असे रोज कोणाच्या तरी कामी येते.